नऊ किलो तीनशे ग्रॅम : वापरलेल्या भागांची हलकी सायकल

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी एकाच विषयावर आहेत : वापरलेले भाग जमवून, बेताच्या खर्चात हलकी रोड सायकल कशी उभी करावी. साताऱ्याच्या वाचकांनी आपली मापे, बजेट आणि अडचण इतक्या नेमकेपणाने कळवली आहे की त्यांच्या पत्राला सर्वांत अधिक जागा दिली आहे. ज्यांची पत्रे येथे घेता आली नाहीत त्यांना आपल्या प्रश्नाचे उत्तर बहुधा त्यातच सापडेल.

प्रश्न : मी सहकारी बँकेत नोकरी करतो. वय ३४, उंची ५ फूट ९ इंच, वजन ७० किलो. दोन वर्षांपासून दर रविवारी यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला जातो. माझी सध्याची गिअरची सायकल १५ किलोंची आहे. नवी रोड सायकल परवडत नाही, म्हणून ३०,००० रुपयांत जुने भाग जमवून नऊ किलोंच्या आतली सायकल बांधावी असा विचार आहे. पुण्याच्या जुन्या बाजारातून ३,५०० रुपयांना एक पोलादी फ्रेम, पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्यासह, आणली आहे. तिच्यावर रेनॉल्ड्स ५३१ या पोलादी नळीचे स्टिकर आहे आणि मागचे चाक बसते त्या खाचांमधले अंतर १२६ मिलिमीटर भरते. ही फ्रेम उपयोगी पडेल का? आणि नऊ किलो साधतील का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : फ्रेम उपयोगी पडेल, पण आपण म्हणता त्या सायकलीसाठी नव्हे. नऊ किलो साधू शकतात, पण तीस हजारांत त्या आकड्याचा हट्ट धरू नये असे माझे मत आहे. दोन्ही विधानांमागचा हिशेब मांडतो.

आधी वजन. ॲल्युमिनियमची मध्यम मापाची बरी फ्रेम १,५०० ग्रॅमच्या आसपास असते. कार्बनच्या पायांचा आणि ॲल्युमिनियमच्या दांड्याचा चिमटा ६०० ग्रॅम, हेडसेट (चिमटा वळवणारे बेअरिंग) १२० ग्रॅम, म्हणजे सांगाडा २,२२० ग्रॅमचा झाला. चाकांची साधी पण बरी जोडी १,९०० ग्रॅम, चाक झटपट सोडवणाऱ्या क्विक रिलीजच्या काड्या आणि रिमवरच्या पट्ट्या १७० ग्रॅम, घडी होणारे २५ मिमीचे दोन टायर ४६०, दोन ट्यूब २००, म्हणजे चाकांचे २,७३० ग्रॅम. कॅसेट (मागची दातेरी चक्रे) २९०, बॉटम ब्रॅकेटसह (फ्रेमच्या तळातले बेअरिंग) क्रँक (पेडलचे दांडे आणि पुढची चक्रे) ९९०, चेन २८०, दोन्ही डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारे भाग) मिळून ३५०, गिअर-ब्रेकच्या एकत्रित मुठी ५००, म्हणजे गिअरची सगळी यंत्रणा २,४१० ग्रॅम. ब्रेक, केबल आणि त्यांची बाहेरची नळी ५६०. हँडल, स्टेम (हँडल चिमट्याच्या दांड्याला जोडणारा भाग) आणि हँडलवरची पट्टी ५२०. सीट आणि सीटपोस्ट (सीटचा दांडा) ५६०. साधी पेडल ३००. बेरीज होते ९,३०० ग्रॅम. यात पाण्याची बाटली नाही, तिचा पिंजरा नाही, पंक्चरचे सामान नाही आणि घंटीही नाही. प्रत्येक आकडा थोडा इकडे-तिकडे होईल, पण जुन्या बाजारात मिळणाऱ्या चांगल्या मालाचे हे प्रामाणिक वजन आहे. जाहिरातीतील वजन बहुधा सर्वांत लहान फ्रेमचे आणि पेडलविना असते, हे लक्षात असू द्यावे.

आता या ९,३०० ग्रॅममधून शेवटचे ३०० ग्रॅम उतरवण्याची किंमत पाहू. यवतेश्वरचा चढ सोयीसाठी ४०० मीटर उंचीचा धरला, तर एक किलो वजन तेवढे वर नेण्यास सुमारे ३,९०० ज्यूल ऊर्जा लागते. आपल्यासारखा नियमित चालवणारा माणूस चढावर १८० वॅट देतो असे मानले, तर एका किलोमागे साधारण २२ सेकंद जातात. १५ किलोंवरून ९.३ किलोंवर आलात की सुमारे दोन मिनिटे वाचतील, आणि ती पायांना जाणवतील. ९.३ वरून ९ वर येण्याने वाचतील साडेसहा सेकंद. त्यासाठी हलकी चाके किंवा हलकी फ्रेम घ्यावी लागेल आणि बजेट तिथेच संपेल. चाकाच्या कडेचे वजन दुप्पट मोजावे असे सायकलस्वारांत म्हटले जाते. वेग वाढवताना ते खरे आहे, पण एकसारख्या चढावर कडेचा ग्रॅम आणि सीटचा ग्रॅम सारखाच भरतो.

तीस हजार कसे खर्चावेत याबद्दल माझा सल्ला अनेकांना उलटा वाटतो : भाग जमवू नका, एक पूर्ण जुनी सायकल घ्या. सुटे भाग जमवण्यात मजा आहे, पण त्यात पैसा गळतो तो मोठ्या वस्तूंतून नव्हे. क्रँक स्वस्तात मिळतो आणि मग त्याला लागणारे बेअरिंग, वायसर, फ्रेमच्या मापाचा सीटपोस्ट, पुढच्या डिरेलरची पट्टी, केबलचे टोक अशा किरकोळ गोष्टी एकेक करून नव्या घ्याव्या लागतात. माझ्या पहिल्या जोडणीत मी मापे न घेता तीन सीटपोस्ट विकत घेतले, त्यांपैकी दोन आजही माळ्यावर आहेत. त्याउलट पुण्या-मुंबईत, बंगळुरूत दोन-तीन वर्षे वापरून वरच्या दर्जाची सायकल घेणारे लोक पुष्कळ असतात. त्यांची मागे आठ किंवा नऊ गिअरची, ॲल्युमिनियम फ्रेमची आणि कार्बन चिमट्याची सायकल वीस हजारांच्या आत मिळेपर्यंत थांबावे. अशी सायकल साडेदहा-अकरा किलोंची असते, पण तिचे सगळे भाग एकमेकांशी जुळलेले असतात, आणि सुट्या जोडणीत नेमकी तीच गोष्ट सर्वांत महाग पडते.

उरलेल्या दहा हजारांपैकी आठ हजार झिजणाऱ्या वस्तूंसाठी आधीच बाजूला ठेवावेत आणि सायकल कितीही चांगली दिसली तरी त्यांना हात लावू नये. नवी चेन, नव्या केबल, ब्रेकचे रबर, टायर-ट्यूब आणि हँडलची पट्टी या गोष्टी जुन्या घ्यायच्याच नसतात. सुदैवाने वजन उतरवण्याची सर्वांत स्वस्त जागाही याच यादीत आहे. स्वस्त सायकलीला आलेला तारेच्या कडेचा टायर साडेतीनशे ग्रॅमचा असला, तर घडी होणारा टायर घेऊन दोन चाकांत मिळून पाव किलो उतरतो, आणि चांगल्या रबरामुळे रस्त्यावर चाक अधिक हलके फिरते ते वेगळेच. त्यानंतर सीट : फुगीर गादीची सीट चारशे ग्रॅमच्या वर जाते आणि पावणेतीनशे ग्रॅमची साधी सीट वापरलेली सहज मिळते. मग चाके, तीही वापरलेलीच. काढलेली जुनी चाके आणि सीट विकून टाकावीत, कारण ती कुणाच्या तरी ऑफिसच्या सायकलीला हवीच असतात. बारीक टायटॅनियमच्या बोल्टांच्या नादी मात्र अजिबात लागू नये.

सायकल पाहायला जाताना तीन वस्तू न्याव्यात : सामान तोलण्याचा लटकता काटा, पोलादी पट्टी आणि व्हर्निअर (बारीक मापे घेण्याचे साधन). व्हर्निअर नसेल तर ओळखीच्या लेथवाल्याकडून अर्ध्या दिवसासाठी आणावा. पट्टीने चेन मोजावी. चेनच्या बारा पूर्ण कड्यांची (आतली आणि बाहेरची मिळून एक पूर्ण कडी) लांबी १२ इंच, म्हणजे ३०४.८ मिमी असते. ती ३०६.३ मिमी भरली तर चेन बदलण्याच्या बेताला आली आहे. ३०८ मिमीच्या घरात गेली असेल तर तिने कॅसेटचे दातही खाल्लेले असण्याची दाट शक्यता आहे आणि तेवढी किंमत कमी करून मागणे रास्त आहे. मग तीच पट्टी रिमच्या ब्रेक लागणाऱ्या बाजूवर उभी धरावी. पट्टीखाली पोकळ जागा दिसली, म्हणजे बाजू आत खचलेली असली, तर ते चाक फुकटही घेऊ नये. चाकाचा आउट काढता येतो, तारा बदलता येतात, पण झिजलेल्या रिमवर उपाय नाही. गिअरच्या मुठीत खटका लागत नसेल तर मात्र घाबरून सौदा मोडू नये. बरेचदा आतले जुने ग्रीस घट्ट झालेले असते आणि रॉकेलने किंवा स्प्रेने धुऊन पातळ तेल सोडले की यंत्रणा पुन्हा चालू होते. विकणाऱ्याला हे सांगायची सक्ती नाही. शेवटी सायकल उलटी करून बॉटम ब्रॅकेटखालचा फ्रेम क्रमांक पाहावा आणि तो खरेदीच्या पावतीशी ताडावा. क्रमांक खरवडलेला असेल तर काही न बोलता निघावे.

आता आपली पोलादी फ्रेम. रेनॉल्ड्स ५३१ ही बर्मिंगहॅमच्या कंपनीने १९३५ मध्ये आणलेली नळी. टोकांना जाड आणि मध्ये पातळ अशा रचनेमुळे तिच्या फ्रेम हलक्या होत. स्टिकर कुणीही चिकटवू शकतो, म्हणून सीटपोस्टचे भोक मोजावे. ५३१ च्या पातळ नळीच्या फ्रेमला सहसा २७.२ मिमीचा सीटपोस्ट लागतो, साध्या जाड नळीच्या फ्रेमला २५.४ किंवा २६ च्या आसपासचा. भोक २७.२ भरले आणि फ्रेम काट्यावर दोन किलोंच्या आसपास आली, तर आपण ३,५०० रुपयांत चांगला सौदा केला आहे. तरीही पोलादी चिमट्याचे पाऊण किलो धरले की वरच्या यादीपेक्षा सांगाडाच सुमारे साडेसहाशे ग्रॅमने जड होतो, म्हणजे सायकल दहा किलोंची.

त्या १२६ मिमीचा अर्थ असा की ही फ्रेम सहा किंवा सात गिअरच्या काळातली आहे. आठ गिअरपासून पुढच्या रिम ब्रेकच्या चाकांना १३० मिमी लागतात. फ्रेम पोलादी असल्यामुळे दोन्ही बाजूंना दोन-दोन मिमी फाकवून ती कायमची १३० करता येते, मात्र हे काम फ्रेमची सरळ रेषा दोऱ्याने तपासणाऱ्या माणसाकडूनच करून घ्यावे, आणि ॲल्युमिनियम किंवा कार्बनच्या फ्रेमवर हा प्रयोग कधीही करू नये. दुसरी अडचण ब्रेकची आहे. जुन्या फ्रेम पुष्कळदा २७ इंची चाकासाठी असत, त्या रिमचा टायर बसतो तिथला व्यास ६३० मिमी आणि आजच्या ७०० सी मापाच्या रोड चाकाचा ६२२, म्हणजे नवे चाक घातल्यावर ब्रेकचे रबर चार मिमी खाली पोहोचावे लागते. आपल्याकडच्या काळ्या २८ इंची सायकलीचे माप तर ६३५ आहे, तिथे साडेसहा मिमीचा फरक पडतो. म्हणून चाक बसवून पाहिल्याशिवाय ब्रेक घेऊ नयेत. बहुधा ४७ ते ५७ मिमी पोहोच असलेले ब्रेक लागतील.

माझे म्हणणे असे की ही फ्रेम विकू नका आणि तिच्यावर घाईही करू नका. घाटाची सायकल आधी पूर्ण होऊ द्या. पुढे स्वस्तात चाके हाती लागली की या फ्रेमवर सात गिअरची, मडगार्ड लावलेली पावसाळी सायकल बांधा. कासच्या रस्त्यावरच्या धुक्यात आणि चिखलात ॲल्युमिनियमची नवी सायकल न्यायला तुमचा जीव होणार नाही.

प्रश्न : माझ्याकडे नऊ गिअरची जुनी रोड सायकल आहे. पुढे ५३ आणि ३९ दातांची चक्रे आणि मागे १२ ते २५ ची कॅसेट. सिंहगड चढताना अर्ध्यावर उतरावे लागते. मित्र म्हणतो सायकल जड आहे, हलकी चाके घे. ती घ्यावीत का? की डोंगरी सायकलीचे मोठे गिअर लावता येतील?
— एक वाचक, धायरी, पुणे

उत्तर : चाके घेऊ नका. आपल्याला अडवते आहे ते वजन नव्हे, ३९ आणि २५ ही जोडी आहे. २५ मिमी टायरच्या चाकाचा घेर सुमारे २.१ मीटर असतो. ३९-२५ वर पायाच्या एका फेऱ्यात सायकल ३.२८ मीटर पुढे जाते. मिनिटाला ६० फेरे, म्हणजे पाय घोटत घोटत चालवले तरी वेग ताशी जवळजवळ १२ किलोमीटर होतो. आपले आणि सायकलीचे मिळून वजन ८१ किलो धरले तर आठ टक्के चढावर या वेगाला सव्वादोनशे वॅटच्या आसपास शक्ती लागते. एवढी शक्ती अर्धा-पाऊण तास देणारा हौशी सायकलस्वार विरळा. पुढे ३४ आणि मागे ३४ दात असले तर त्याच ६० फेऱ्यांना ताशी साडेसात किलोमीटर वेग आणि सुमारे १४५ वॅट पुरतात. चाकांतून अर्धा किलो उतरवलात तर त्याच चढावर जेमतेम एक वॅट वाचतो.

शिमानो कंपनीच्या भागांच्या बाबतीत नऊ गिअरपर्यंतचे काम सोपे आहे. रोडच्या नऊ गिअरच्या मुठी आणि डोंगरी सायकलीचा नऊ गिअरचा मागचा डिरेलर यांची केबल ओढण्याची प्रमाणे सारखी आहेत, म्हणून लांब पिंजऱ्याचा (चेन ताणून धरणारा खालचा भाग लांब असलेला) जुना डोंगरी डिरेलर आणि ११ ते ३४ ची कॅसेट आपल्या सायकलीवर सरळ चालेल. दहा गिअरच्या डोंगरी डिरेलरचे प्रमाण वेगळे आहे. तो दिसायला सारखा असला तरी घेऊ नये. पुढचा क्रँक ५० आणि ३४ दातांचा घेतला तर पुढचा डिरेलरही थोडा खाली सरकवावा लागतो. डिरेलर फ्रेमवर पट्टीने आवळलेला असेल तर हे पाच मिनिटांचे काम आहे. चेन मात्र नवी आणि लांब घ्यावी लागेल. मोठ्या चक्रावरून मोठ्या दातांवर, डिरेलरमधून न ओवता, चेन फिरवून त्यात दोन कड्या (एक आतली, एक बाहेरची, म्हणजे मिळून एक इंच) वाढवल्या की लांबी बरोबर येते.

दोन्ही बदल एकदम करण्याची गरज नाही. आधी मागचा डिरेलर, कॅसेट आणि चेन बदला. ३९ ला ३४ म्हणजे एका फेऱ्यात २.४ मीटर, त्यावरच बहुधा गड सर होईल.

प्रश्न : माझी उंची ५ फूट २ इंच आहे. कोल्हापुरात ओळखीच्या एका काकांची ५४ सेंटीमीटर मापाच्या फ्रेमची, फारच हलकी सायकल अगदी स्वस्तात मिळते आहे. सीट खाली करून आणि लहान स्टेम लावून ती मला चालेल असे ते म्हणतात.
— एक वाचक भगिनी, कोल्हापूर

उत्तर : चालणार नाही. काकांचा हेतू चांगला असेल, पण सीट खाली केल्याने फक्त पाय पोहोचतात. हात पोहोचायचे तर वरच्या नळीची लांबी कमी हवी, आणि ती कापता येत नाही. स्टेम लहान करून दोन-तीन सेंटीमीटरच मिळतात आणि त्याहून लहान केला तर हँडल अस्वस्थ होते. भिंतीला पाठ लावून, पायांत पुस्तक घट्ट धरून जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची मोजा आणि तिला ०.६५ ने गुणा. ती ७२ सेंटीमीटर असेल तर उत्तर सुमारे ४७ येते. त्याच्या आसपासची फ्रेम शोधा आणि क्रँक १६५ मिमीचा मिळाला तर उत्तम. लहान मापाच्या सायकली वापरलेल्या बाजारात कमी येतात, पण त्यांना गिऱ्हाईकही कमी असते, त्यामुळे घासाघीस करायला वाव मिळतो.

प्रश्न : कार्बनची फ्रेम आणि चिमटा १२,००० रुपयांत मिळतो आहे. विकणारा म्हणतो एकदाही पडलेली नाही. नाण्याने ठोकून पाहिली की कळते असे ऐकले आहे. खरे का?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : काही अंशी खरे आहे. नाण्याने हलके ठोकत गेल्यास निरोगी जागी टणक, खणखणीत आवाज येतो आणि आतले थर सुटलेल्या जागी बद्द. पण नळीची जाडी जागोजागी बदलते, तसा आवाजही बदलतो, आणि ऐकणाऱ्याला सवय नसेल तर निरोगी फ्रेम आजारी वाटते आणि आजारी फ्रेम निरोगी. नाण्यापेक्षा डोळ्यांवर अधिक भरवसा ठेवावा. फ्रेम धुऊन, उन्हात, मागच्या चेनच्या बाजूची नळी, बॉटम ब्रॅकेटभोवतीची जागा आणि सीटपोस्ट आवळण्याची खाच बारकाईने पाहावी. एकाच भागावर रंग नवा असेल तर त्याचे कारण विचारावे. चिमटा काढून त्याचा आतला दांडा, विशेषतः स्टेम आवळलेली जागा आणि खालच्या बेअरिंगची जागा, पाहू देत नसतील तर विषय तिथेच संपवावा. फ्रेमला तडा गेला तर निदान कुरकुर ऐकू येण्याची आशा असते. चिमट्याचा दांडा उतारावर, सूचना न देता तुटू शकतो.

माझे स्वतःचे धोरण सांगतो : वापरलेली कार्बन फ्रेम ओळखीच्या माणसाकडून घेईन, वापरलेला कार्बन चिमटा पूर्ण सायकलीसोबत आणि तपासून घेईन, आणि वापरलेले कार्बन हँडल कुणाकडूनही घेणार नाही. ॲल्युमिनियमचे हँडलही सायकल जोरात पडलेली असेल तर बदलावे, कारण ती वस्तू फार महाग नाही. आणि हलकेपणाच्या शर्यतीत फार वाहून जाऊ नये. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० सालापासून शर्यतीच्या सायकलीला ६.८ किलोंची खालची मर्यादा घातली आहे, म्हणजे जगातल्या सर्वांत तगड्या पायांखालची सायकलही त्याहून हलकी नसते.

प्रश्न : मावसभाऊ दिवाळीत जर्मनीहून येणार आहे. त्याच्याकडून वापरलेले कोणते भाग मागवावेत? तिकडच्या सायकलींचे ब्रेक उलटे असतात म्हणतात, ते इथे चालतील का?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : पिशवीत मावणारे, मोडायला अवघड आणि मापाचा घोळ नसलेले भाग मागवावेत : गिअरच्या मुठी, मागचा डिरेलर, ब्रेकची जोडी. चाके मागवू नयेत, भाऊ नाराज होईल. क्रँक मागवायचा तर बॉटम ब्रॅकेटचा आटा आधी कळवावा, कारण युरोपातल्या जुन्या सायकलींत इटालियन आटाही असतो. ब्रॅकेट बसतो त्या कवचाची रुंदी इटालियन आट्यात ७० मिमी, आपल्याकडे नेहमी दिसणाऱ्या इंग्रजी आट्याची ६८. कॅसेट घेतलीत तर एक गोष्ट पाहा : आठ, नऊ आणि दहा गिअरच्या शिमानो कॅसेट एकाच हबवर (मागच्या चाकाच्या मधल्या भागावर) बसतात, अकराच्या रोड कॅसेटला १.८५ मिमी लांब हब लागतो. अकराच्या हबवर तेवढ्याच जाडीचा वायसर घालून कमी गिअरची कॅसेट बसवता येते, उलटे करता येत नाही.

ब्रेकचे म्हणाल तर उलटेपणा केबलमध्ये आहे, मुठीत नाही. केबलचा ब्रेक असेल तर उजव्या मुठीची केबल पुढच्या ब्रेकला जोडा की ती आपल्या सवयीची झाली.

प्रश्न : दापोलीजवळच्या गावी काकांची जुनी रोड सायकल पडून होती. ती दुरुस्त करायला घेतली आहे. फ्रेम पोलादी आहे, सीटपोस्ट ॲल्युमिनियमचा आहे आणि तो हलत नाही. गावातल्या मेकॅनिकने गरम करून काढू म्हटले. बॉटम ब्रॅकेटही निघत नाही.
— एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खारी हवा, पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र आले की दोघांमध्ये गंज धरतो आणि ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी फुगून पोस्ट जाम करते. गरम करण्याचा उपाय येथे उलटा पडण्याची शक्यता आहे, कारण उष्णतेने ॲल्युमिनियम पोलादापेक्षा जास्त फुगते आणि पोस्ट आणखी घट्ट बसते. उलट, पोस्टमध्ये बर्फ भरून ॲल्युमिनियम आक्रसू द्यावे. आधी सीट आवळण्याचा बोल्ट पूर्ण काढून खाच थोडी फाकवावी, गंज सोडवणारे तेल वरून घालावे, मग बॉटम ब्रॅकेट काढून (तो कसा, ते पुढे पाहा) सायकल उलटी करून त्या बाजूने नळीत घालावे आणि दोन-तीन दिवस रोज हे करावे. त्यानंतर पोस्टवर जुनी सीट आवळून ती वळवण्याचा प्रयत्न करावा. वर ओढू नये, आधी फिरवावे. एक मिलिमीटर फिरला की काम झाले. ते जमले नाही तर पोस्ट कापून, उरलेला तुकडा आतून करवतीच्या पात्याने चिरून काढावा लागतो. हे काम वेळखाऊ आहे, पण फ्रेम वाचते.

बॉटम ब्रॅकेटबाबत मला शंका आहे की तो उलट्या दिशेने आवळला जातो आहे. इंग्रजी आट्याच्या फ्रेममध्ये चेनच्या बाजूचा कप डाव्या आट्याचा असतो, म्हणजे सोडवताना तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवायचा. डावे पेडलही तसेच, त्याचा आटा उलटा असतो. काळ्या सायकलीवर आयुष्य काढलेल्या मेकॅनिकला हे तोंडपाठ असते, पण घाईत त्याचाही हात चुकतो. कप निघाल्यावर आतले छर्रे मोजून ठेवा आणि नवे घाला, त्यांची किंमत नगण्य असते. कपवर खड्डे पडले असतील तर पूर्ण बंद बेअरिंगचा नवा ब्रॅकेट घ्यावा. त्यासाठी जुन्या दांड्याची लांबी टोकापासून टोकापर्यंत मोजून कागदावर लिहून न्यावी. परत बसवताना सीटपोस्टला, प्रत्येक आट्याला आणि पेडलच्या दांड्यांना भरपूर ग्रीस लावावे आणि दर पावसाळ्यानंतर सीटपोस्ट एकदा बाहेर काढून पुसून पुन्हा बसवावा.